गळ्यातला पेंटॅकल आणि ऑफिसातली टवाळी: अमेरिकेत विक्कन कर्मचाऱ्याने दाद कशी मागावी

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी ती ऑफिसात आली तेव्हा तिच्या कीबोर्डवर खेळण्यातला झाडू ठेवलेला होता. वीतभर लांबीचा, प्लॅस्टिकच्या काड्यांचा, दांड्याला लाल फीत बांधलेली. फितीवर पिवळी चिठ्ठी चिकटवली होती: 'तुझं पार्किंग मागच्या बाजूला.' आजूबाजूचे चार जण खुदखुदले. मीही हसले. तिने पर्स खाली ठेवली, फोन काढला, झाडू, चिठ्ठी आणि मागच्या भिंतीवरचं घड्याळ एकत्र येईल असा फोटो घेतला आणि झाडू खणात ठेवून दिला. कचऱ्यात टाकला नाही. त्या खणाची किंमत मला सात महिन्यांनी कळली, मध्यस्थीच्या बैठकीआधी तिच्या वकिलाने तोच झाडू टेबलावर ठेवला तेव्हा.

न्यू जर्सीतल्या एका कंपनीच्या बिलिंग खात्यात आम्ही शेजारी बसायचो. ती विक्कन आहे हे मला कळलं त्या रात्री मी पुण्याला आईला फोनवर सांगितलं, 'आमच्याकडे एक विच आहे.' आई म्हणाली, 'म्हणजे चेटकीण? तिच्या हातचं काही खाऊ नकोस गं.' आईचा दोष नाही. आपल्या भाषेत त्या शब्दाला दुसरा अर्थच नाही, आणि ज्या बाईवर गावाने तो शब्द टाकला तिचं पुढे काय झालं हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्या शब्दामुळे आपली माणसं परदेशातल्या ऑफिसात चुकीच्या बाजूला उभी राहतात. मी राहिले होते. नंतर तिच्या बाजूने साक्ष दिली. त्या वाटेवर जे शिकले ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. स्वतः विक्कन असाल, घरातलं कुणी असेल (इथे वाढलेल्या आपल्या मुलांपैकी काही जण या वाटेला जातात), शेजारच्या टेबलावरचं कुणी असेल किंवा तुम्ही कुणाचे मॅनेजर असाल, तर यातलं काही ना काही उपयोगी पडेल.

आधी हा धर्म समजून घ्या

विक्का हा निसर्गपूजक धर्म आहे. इंग्लंडमध्ये जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा १९५१ साली रद्द झाला आणि त्यानंतर जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ मध्ये पुस्तक लिहून तो जगासमोर मांडला. तिथून तो अमेरिकेत आला. बहुतेक विक्कन देवी आणि देव अशा जोडीला मानतात. वर्षात आठ सण असतात: ३१ ऑक्टोबरचा साउइन, डिसेंबरातल्या सर्वांत लांब रात्रीचा यूल, फेब्रुवारीच्या सुरुवातीचा इम्बोल्क, १ मेचा बेल्टेन, १ ऑगस्टचा लुनासा, आणि मार्च, जून, सप्टेंबर या महिन्यांत सूर्याच्या गतीवर बेतलेले ओस्तारा, लिथा, मेबन. शिवाय पौर्णिमा. आपल्याकडे संक्रांत सूर्यावर आणि कोजागरी चंद्रावर ठरते, तेव्हा हे आपल्याला परकं वाटायचं खरं तर कारण नाही. वर्तुळातला पाच टोकांचा तारा म्हणजे पेंटॅकल. ते त्यांचं धर्मचिन्ह. सैतानाशी त्यांचा संबंध नाही, सैतान ही कल्पनाच त्यांच्या धर्मात नाही. 'कुणाला इजा न करता हवं ते कर' हे त्यांच्या आचाराचं सूत्र.

काही जण गटाने विधी करतात, त्या गटाला कोव्हन म्हणतात. पुष्कळ जण एकटेच करतात. हे लक्षात ठेवा, कारण 'तुमच्या पुरोहिताचं पत्र आणा' अशी मागणी पुढे येते आणि एकट्याने धर्म पाळणारा तिथे गडबडतो.

हा धर्म कायद्याला मान्य आहे का?

आहे, आणि हा प्रश्न ऑफिसात कुणी काढला तर उत्तर तयार ठेवा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण नोकरीतल्या धार्मिक भेदभावाला बंदी करतं. त्यात मान्य धर्मांची यादी नाही. श्रद्धा खरी आहे का, असं कायदा विचारत नाही. श्रद्धा ठेवणारा खरा आहे का, एवढंच विचारतो. १९८६ मध्ये केंद्राच्या चौथ्या सर्किटच्या (म्हणजे विभागाच्या) अपील न्यायालयाने व्हर्जिनियातल्या एका कैद्याच्या खटल्यात विक्का हा धर्म असल्याचं मान्य केलं. त्याने मागितलेल्या वस्तू मात्र तुरुंगाच्या सुरक्षेच्या कारणावरून त्याला मिळाल्या नाहीत. धर्म मान्य आणि वस्तू अमान्य, ही जोडी ऑफिसातही भेटते.

२००५ मध्ये अफगाणिस्तानात एक विक्कन सैनिक मारला गेला. त्याच्या स्मृतिफलकावर पेंटॅकल कोरायला सरकारी खातं तयार नव्हतं. त्याची पत्नी लढली, दावा झाला, आणि एप्रिल २००७ मध्ये माजी सैनिकांच्या खात्याने पेंटॅकल मान्य चिन्हांत घेतला. 'हा काही खरा धर्म नाही' असं म्हणणाऱ्या मॅनेजरला एवढं एक उदाहरण पुरतं.

त्याहून जवळचा आधार ईईओसीचा, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्र सरकारच्या आयोगाचा. धार्मिक भेदभावावरच्या आयोगाच्या मार्गदर्शिकेत हेच उदाहरण आहे: एक विक्कन बाई साउइनसाठी रजा मागते, साहेब म्हणतो की हा धर्मच नव्हे, आणि रजा नाकारतो. आयोगाचं म्हणणं स्पष्ट आहे: कंपनीला खरोखर मोठी अडचण होते हे दाखवता आलं नाही, तर हा कायद्याचा भंग आहे.

इथे आपल्या लोकांची एक गफलत होते, ती सांगायला हवी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचलं, तो महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मला मोलाचा वाटतो. पण तो आहे अघोरी कृत्यांविरुद्ध, फसवणुकीविरुद्ध, माणसाला इजा करण्याविरुद्ध. पौर्णिमेला अंगणात मेणबत्ती लावून प्रार्थना करणाऱ्या बाईशी त्याचं काही देणंघेणं नाही. उलट, कुणाला चेटकीण ठरवून छळणं हाच त्या कायद्याखाली गुन्हा आहे. सहकाऱ्याची 'अंधश्रद्धा दूर करायला' निघालेला मराठी माणूस अमेरिकेतल्या ऑफिसात दाभोलकरांचं काम करत नसतो, छळ करत असतो.

पहिली पायरी: दिवस मोजा

सगळ्यात आधी कॅलेंडर. ईईओसीकडे तक्रार नोंदवायची मुदत घटनेपासून १८० दिवस असते. ज्या राज्यात भेदभावाविरुद्ध स्वतःचा कायदा आणि तो राबवणारी यंत्रणा आहे तिथे ३०० दिवस. बहुतेक राज्यांत ३००च लागू होतात. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी वाट वेगळी आहे: त्यांनी ४५ दिवसांत आपल्याच खात्यातल्या ईईओ (म्हणजे नोकरीतल्या समान संधीच्या) समुपदेशकाला गाठायचं.

कंपनीत अंतर्गत तक्रार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. एचआर 'चौकशी सुरू आहे, थोडा धीर धरा' म्हणत राहतं आणि दिवस निघून जातात. चौकशी चालू दे, तुमचं मोजणंही चालू दे.

केंद्राचा कायदा १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी लागतो. तुमचं ऑफिस आठ जणांचं असेल तर राज्याचा कायदा बघा. न्यू जर्सीचा कायदा कितीही लहान कंपनीला लागतो, न्यूयॉर्कचाही. कॅलिफोर्नियात भेदभावासाठी पाच कर्मचाऱ्यांची अट आहे, आणि तिथल्या नागरी हक्क खात्याकडे जायला तीन वर्षं मिळतात. न्यू जर्सीत राज्याच्या खात्याकडे १८० दिवस, पण थेट राज्याच्या न्यायालयात जायचं तर दोन वर्षं. म्हणजे एकाच घटनेवर तीन वेगळ्या तारखा असू शकतात. तिन्ही लिहून ठेवा आणि सर्वांत जवळची तारीख हीच आपली शेवटची तारीख समजा.

एक अपवाद: चर्चच्या किंवा तशा धार्मिक संस्थेच्या नोकरीत संस्था आपल्याच धर्माची माणसं ठेवू शकते. तिथे असाल तर पुढचं वाचण्याआधी वकिलाला विचारा.

दुसरी पायरी: वही

माझ्या मैत्रिणीकडे दोनशे पानी साधी वही होती, शिवलेली, पानं फाडली तर कळेल अशी. दर नोंदीत तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणालं ते त्याच शब्दांत, आणि कोण हजर होतं. 'सगळे माझ्याशी वाईट वागतात' असं एकही वाक्य नाही. 'मंगळवार, सकाळी ९:४०, कॉफी मशीनजवळ. सुपरवायझर म्हणाला, गळ्यातलं ते काढ, क्लायंट घाबरतील. हजर: मी आणि बिलिंगमधल्या दोघी.' अशा नोंदी. त्या दोघींतली एक मी.

याचं कारण असं की छळाच्या तक्रारीत एखाददुसऱ्या टोमण्याने काम होत नाही. वागणूक एक तर फार गंभीर असावी लागते, नाही तर पुन्हा पुन्हा घडलेली. ते 'पुन्हा पुन्हा' सिद्ध होतं ते वहीमुळेच.

वही घरी ठेवा. कंपनीच्या लॅपटॉपवर लिहू नका. कंपनीची गोपनीय कागदपत्रं, ग्राहकांच्या याद्या घरच्या ईमेलवर पाठवू नका. तेवढ्या एका कारणावरून काढून टाकायला कंपनीला आयतं निमित्त मिळतं. तुम्हाला आलेले मेसेज, कामाच्या पाळ्यांचे तक्ते, तुमच्या कामाचे वार्षिक शेरे यांच्या प्रती मात्र हव्यात. साउइनची रजा मागण्याआधी शेरा 'उत्तम' आणि नंतर 'असमाधानकारक', ही जोडी फार बोलते. दुसऱ्यांना काय मिळालं तेही टिपा: गुड फ्रायडेला कुणाला न विचारता रजा मिळाली, क्रॉस घालणाऱ्याला कुणी काही म्हणालं का.

बोलणं चोरून रेकॉर्ड करण्याआधी राज्याचा कायदा बघा. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये संभाषणात भाग घेणाऱ्या एकाची संमती पुरते, म्हणजे तुमची स्वतःचीच. कॅलिफोर्नियात सगळ्यांची लागते. तिथे चोरून केलेलं रेकॉर्डिंग गुन्हा ठरू शकतं.

तिसरी पायरी: जे हवं ते लेखी मागा

या पायरीवर सर्वांत जास्त लोक घसरतात. भिडेपोटी नुसतीच 'पर्सनल' म्हणून रजा मागतात, ती नाकारली जाते, आणि नंतर धर्माचं कारण सांगतात. तोवर कंपनी म्हणते, आम्हाला माहीतच नव्हतं. २०१५ मध्ये हिजाब घालणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्पष्ट मागणी केलेली नसली तरी धर्माची सोय करावी लागेल या भीतीने नोकरी नाकारणं बेकायदा आहे. पण तुम्ही त्या आधारावर विसंबू नका. सरळ सांगा.

कायदेशीर भाषेची गरज नाही. मैत्रिणीने ईमेल लिहिला त्याचा मजकूर साधारण असा होता: 'माझा धर्म विक्का आहे. ३१ ऑक्टोबरला आमचा साउइन हा वर्षारंभाचा सण असतो. त्या संध्याकाळच्या विधीसाठी मला त्या दिवशी दुपारी तीननंतर आणि १ नोव्हेंबरला पूर्ण दिवस रजा हवी आहे. ही सोय मी माझ्या धर्माच्या कारणासाठी मागत आहे. त्या वेळचं माझं काम करायला एक सहकारी तयार आहे. बदल्यात मी थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी येईन. काही अडचण असेल तर कृपया लेखी कळवावे.' ती बदली मीच घेणार होते, आणि तेवढ्यापुरतं माझ्या मनावरचं ओझं हलकं झालं होतं.

या पत्रात काय आहे ते बघा. धर्माचं नाव आहे, दिवस आणि वेळ आहे, 'धर्माच्या कारणासाठी' हे शब्द आहेत, आणि कंपनीची अडचण आधीच सोडवून दिली आहे. आता नकार द्यायचा तर कंपनीला ओझं दाखवावं लागतं. १९७७ पासून जवळजवळ ४६ वर्षं न्यायालयं हे ओझं फार हलकं धरत. किरकोळापेक्षा थोडा जास्त खर्च दाखवला की नकार चालायचा. २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका टपाल कर्मचाऱ्याच्या खटल्यात, रविवारी काम न करण्याच्या त्याच्या श्रद्धेवरून, सर्वोच्च न्यायालयाने ते बदललं. आता कंपनीला आपल्या धंद्याच्या मानाने बराच जास्त खर्च दाखवावा लागतो. सहकाऱ्यांना तुमचा धर्म आवडत नाही, ही अडचण धरली जात नाही. तो ख्रिस्ती माणूस आपल्या सब्बाथसाठी लढला आणि त्याचा फायदा विक्कन बाईला, आणि गणेश चतुर्थीला सुटी मागणाऱ्या मलाही, झाला.

मात्र तुम्हाला हवी तीच सोय मिळेल असं नाही. कंपनीने दुसरी वाजवी सोय देऊ केली तर ती चालते, हे न्यायालयाने १९८६ मध्येच सांगितलेलं आहे. दोन दिवसांऐवजी दीड दिवस मिळाला तर भांडू नका. रजा पगारीच असेल असंही नाही.

वस्तूंचं तारतम्य ठेवा. यंत्राजवळ काम असेल तर लोंबणारा पेंटॅकल सुरक्षेसाठी नाकारता येतो. कानातला छोटा किंवा अंगठी सुचवा. टेबलावर मेणबत्ती आणि धूप नकोच, तो आगीचा नियम सगळ्यांना सारखा असतो. विधीतला सुरा, ज्याला अथामी म्हणतात, ऑफिसात कधीही आणू नका, बोथट असला तरी. पण 'सगळ्यांना सारखा' हे तपासा. क्रॉस चालतो आणि पेंटॅकल चालत नाही, तर तो भेदभाव झाला.

पुरोहिताचं पत्र मागितलं तर नम्रपणे लिहा की या धर्मात एकट्याने उपासना करणं रूढ आहे आणि पुरोहित असावाच लागत नाही. किती वर्षं पाळता ते सांगा. हवं तर तुम्हाला पाळताना पाहिलेल्या माणसाचं दोन ओळींचं पत्र द्या. साउइनची रजा घेऊन त्याच रात्री हॅलोविन पार्टीतले फोटो टाकलेत, तर कंपनीच्या वकिलाला तेच हवं असतं.

चौथी पायरी: कंपनीत तक्रार

छळ होत असेल तर कंपनीच्या नियमपुस्तिकेत जी तक्रारीची पद्धत दिली आहे तीच वापरा, जरी एचआरवर विश्वास नसला तरी. तुम्ही ती वापरलीच नाही तर कंपनी न्यायालयात म्हणते, आम्हाला संधीच दिली नाही. १९९८ पासून हा बचाव मान्य आहे. तक्रारीत 'छळ' म्हणून थांबू नका. 'माझ्या धर्मामुळे' हे शब्द हवेतच. नुसतं 'सुपरवायझर उद्धट आहे' अशी तक्रार केलीत आणि उद्या नोकरी गेली, तर कायद्याचं संरक्षण दुबळं पडतं. तोंडी बोललात तर त्याच संध्याकाळी ईमेल करा: 'आज आपल्या बोलण्यात मी पुढील गोष्टी सांगितल्या.'

कधी उलटंच होतं, आणि विक्कन लोकांच्या बाबतीत ते जास्त होतं. कुणीतरी म्हणतं, 'मला तिची भीती वाटते.' ऑल्बनी विमानतळावरच्या एका सुरक्षा कर्मचारी बाईविरुद्ध सहकाऱ्याने तक्रार केली होती की हिने जादू करून माझ्या गाडीचा हीटर बिघडवला. २०११ मध्ये अमेरिकेत ती बातमी गाजली. असं झालं तर रागावून आपला धर्म समजावत बसू नका. लेखी विचारा: मी नेमकं काय केलं, कधी, आणि त्याने कोणता नियम मोडला? हीटरला उत्तर देता येत नाही, पण ही तक्रार धर्मावरून आली हे कागदावर येतं.

तक्रारीनंतर रात्रपाळीत टाकलं, मागच्या खोलीत बसवलं, पगार तोच ठेवला, तरी गप्प बसू नका. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बदलीमुळे काहीतरी नुकसान झालं हे दाखवलं तरी पुरे. मोठं नुकसान दाखवायची गरज नाही.

राजीनामा मात्र देऊ नका. 'मला भाग पाडलं' हे सिद्ध करणं फार अवघड जातं. आणि कंपनीने पैसे देऊन दाव्याचा हक्क सोडल्याचा कागद पुढे केला तर त्याच दिवशी सही करू नका.

तुम्ही साक्षीदार असाल तर

एचआरने मला बोलावलं तेव्हा माझा व्हिसा एच-वन-बी होता. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधायची किंवा सामान बांधायचं. मुलगा दुसरीत होता. आदल्या रात्री मला झोप लागली नाही, आणि नवऱ्याने 'आपल्याला काय करायचंय' असं एकदा म्हणून पाहिलं. त्याचंही चूक नव्हतं.

तेव्हा मला माहीत नव्हतं ते आता सांगते. कंपनीच्या चौकशीत विचारल्यावर खरं सांगणाऱ्या माणसालाही सूडापासून संरक्षण आहे; २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते पक्कं झालं. हे संरक्षण व्हिसा बघत नाही. जे पाहिलं तेवढंच सांगा, अंदाज नको. मी तीन प्रसंग सांगितले, तारखांसह, आणि चौथा, झाडूचा, सांगताना हेही सांगितलं की मीसुद्धा हसले होते. बाहेर आल्यावर बैठकीची माझी टिपणं मी स्वतःलाच ईमेल केली. साक्ष देण्याआधीचा तुमचा कामाचा शेराही जपून ठेवा.

पाचवी पायरी: ईईओसी

ईईओसीच्या पोर्टलवर आधी चौकशीचा अर्ज भरायचा, मग मुलाखतीची वेळ मिळते. फोनने सुरुवात करायची तर ८००-६६९-४०००. लक्षात ठेवा: चौकशीचा अर्ज म्हणजे तक्रार नव्हे. मुलाखतीनंतर तयार झालेल्या तक्रारपत्रावर तुमची सही झाली की ती तक्रार. मुदतीचे शेवटचे वीसेक दिवस उरलेत आणि मुलाखत पुढच्या महिन्यात मिळते आहे, तर तसं लेखी कळवा. वकील लागतोच असं नाही, आणि फी नाही.

तक्रारपत्रावर कारणांचे चौकोन असतात. 'धर्म' यावर खूण कराच. तक्रारीनंतर त्रास वाढला असेल तर 'सूड' यावरही. राहून गेलेलं कारण नंतर न्यायालयात काढणं जड जातं. कंपनीला दहा दिवसांत सूचना जाते. त्यानंतर बऱ्याच प्रकरणांत मध्यस्थी सुचवली जाते. तीही फुकट, दोन्ही बाजू तयार असतील तरच. मैत्रिणीचं तिथेच मिटलं. अटी गोपनीय आहेत, मी त्या विचारल्या नाहीत.

मध्यस्थी झाली नाही तर कंपनी आपलं म्हणणं लेखी देते. त्याची प्रत मागा. उत्तराला २० दिवस मिळतात. कंपनी तुमच्या धर्माविषयी अवाक्षर काढणार नाही, फक्त उशिरा येणं आणि कामातल्या चुका लिहील. तेव्हा वहीतली ती शेऱ्यांची जोडी पुढे करायची. धर्म हे एकमेव कारण असायला हवं असं नाही, कारणांपैकी एक होतं एवढं दाखवलं तरी भंग सिद्ध होतो.

पैशांची अपेक्षा वास्तवात ठेवा. बुडालेला पगार वेगळा, पण मनस्तापाची आणि दंडात्मक भरपाई केंद्राच्या कायद्यात कंपनीच्या आकारावर बांधलेली आहे: १०० पर्यंत कर्मचारी असतील तर ५० हजार डॉलर, आणि ५०० हून जास्त असतील तर ३ लाख, याच्या वर नाही. न्यू जर्सीच्या कायद्यात मनस्तापाच्या भरपाईला अशी मर्यादा नाही, म्हणून तिथले वकील राज्याच्या कायद्याला आधी हात घालतात.

आणि तुम्ही मॅनेजर असाल तर

इंग्लंडमध्ये हेमेल हेम्पस्टेडला एका सुपरमार्केटातल्या विक्कन बाईने हॅलोविनच्या सुमाराच्या विधीसाठी पाळी बदलून घेतली आणि नंतर तिची नोकरी गेली. २०१३ मध्ये रोजगार न्यायाधिकरणात ती जिंकली. दुकानाचे मालक भारतीय वंशाचे होते. ते वाचून मला वाईट वाटलं, कारण परक्या देशात स्वतःचे देव जपायला काय लागतं ते आपल्याला इतरांपेक्षा जास्त माहीत असायला हवं.

रजेचा अर्ज आला की 'खरंच जादू करतेस का' हे विचारू नका. किती वेळ हवा आणि काम कोण सांभाळेल, एवढंच विचारा, आणि उत्तर लेखी द्या. तिचा धर्म टीममध्ये जाहीर करू नका. पुष्कळ जण तो लपवून असतात आणि त्याला त्यांच्यात 'झाडूच्या कपाटात असणं' असा शब्दप्रयोगच आहे. पहिला विनोद झाला त्याच दिवशी थांबवा. ऑफिसात दिवाळीला लक्ष्मीपूजन करत असाल तर जरूर करा, पण न येणाऱ्याची नोंद कुणी घेत नाही ना, ते बघा. सकाळची मीटिंग प्रार्थनेने सुरू करणाऱ्या ख्रिस्ती साहेबाला जो नियम, तोच आपल्याला.

शेवटचा कागद

आयोगाचं काम संपलं, किंवा १८० दिवस उलटल्यावर तुम्ही स्वतः मागितलं, की दावा करण्याच्या हक्काची नोटीस मिळते. ती मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायालयात दावा दाखल व्हायला हवा. एक दिवस उशीर झाला तरी सहसा दार बंद. वकील शोधायला तेवढेच दिवस मिळतात आणि चांगले वकील आठवडाभर फोनच उचलत नाहीत, म्हणून नोटीस यायच्या आधीच दोघातिघांशी बोलून ठेवा. ही नोटीस आता बहुधा पोर्टलवर येते, घरी पाकीट येईलच असं नाही. सूचनेचा ईमेल स्पॅममध्ये जाऊ शकतो. दर सोमवारी पोर्टल उघडून बघा, आणि नोटीस दिसली त्या दिवसाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.